वजाबाकीची नोंद

गेल्या दिवाळीत आमची पुतणी चार दिवसांसाठी पुण्याहून इंदूरला आली होती. पाडव्याच्या दिवशी फराळाची ताटली एका हाताशी आणि मांडीवर संगणक अशा थाटात ती ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसली होती. पडद्यावर निळ्या रंगाची एक नदी फुगत होती, ओसरत होती, पुन्हा फुगत होती. आमचे अवघे आयुष्य सरकारी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेलेले. नदी कागदावर असो की पडद्यावर, आमची नजर तिकडे वळल्यावाचून राहत नाही. हे काय चालले आहे, असे विचारताच तिने सांगितले, "काका, पुराचं पूर्ण गणित सोडवायला आमच्या मोठ्या संगणकालाही तासन् तास लागतात. मी त्या गणिताचं एक लहान रूप तयार करते आहे. ते तेच उत्तर काही सेकंदांत देतं."

"आणि ते उत्तर बरोबर असतं?" आम्ही विचारले.

"बहुतेक वेळा," ती म्हणाली आणि चकलीचा तुकडा मोडला.

त्या 'बहुतेक' शब्दाने आम्हांला रात्रभर झोप लागू दिली नाही. सौ.ने दोनदा विचारले, की ॲसिडिटी झाली आहे का? आम्ही 'होय' म्हणून वेळ मारून नेली. खरे कारण पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका रात्री दडलेले आहे. ते आजवर आम्ही कोणालाही नीट सांगितले नव्हते. आज या पानांवर सांगावे असे वाटते. परंतु त्याआधी या लहान करण्याच्या विद्येविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण ती विद्या आपल्याला वाटते तेवढी नवी नाही.

आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून म्हणून इंदुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, तिच्याबरोबर मोडीची दप्तरे टिकली आणि पाढेही टिकले. आमच्या पिढीने आजोबांच्या समोर बसून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सारे घोकले आहे. सातची सवायकी पावणेनऊ आणि तेराची दिडकी साडेएकोणीस, ही उत्तरे ओठांवर येताना गुणाकार करावा लागत नसे. गुणाकार कोणीतरी पूर्वीच करून ठेवलेला होता. आम्ही लहानपणी कष्ट सोसून तो साठवला आणि बाजारात उभे राहून एका क्षणात वापरला. जड गणित सवडीच्या वेळी करावे, त्याचे फळ घाईच्या वेळी खावे, हा आमच्या पुतणीच्या सबंध शास्त्राचा पाया आहे. तो आम्ही ओसरीवर मांडी घालून शिकलो होतो.

याहून मोठे उदाहरण आपल्या देव्हाऱ्यापाशी असलेल्या पंचांगात आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्याचे जुने सिद्धांतग्रंथांचे गणित शुद्ध होते. पण अत्यंत किचकट होते. कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजू लागावे तर गणेश दैवज्ञांच्या काळीच तो आकडा सोळा लाखांच्या वर गेलेला. शिवाय पदोपदी ज्या-चापांची कोष्टके, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमिती. गणेश दैवज्ञांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रे कल्पिली. एका चक्राचे दिवस ४०१६; त्यामुळे रोजच्या गणितातला दिवसांचा आकडा चार अंकांच्या पलीकडे जाईनासा झाला. ज्या-चापांना त्यांनी संपूर्ण फाटा दिला आणि त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराने जवळजवळ तेच उत्तर देणाऱ्या रीती बसवल्या. ही युक्ती आपल्याकडे जुनीच. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांच्या सूत्राने पंचेचाळीस अंशांची ज्या काढली तर ०.७०६ येते; खरे मूल्य ०.७०७. हजारात एकाचा फरक पत्करला की कोष्टकांचे ओझे उतरते. ग्रंथाच्या नावातच 'लाघव' आहे, आणि त्या लाघवामुळे खेड्यापाड्यांतला सामान्य जोशीही ग्रहगणित करू लागला.

मात्र लाघवाची किंमत असते, आणि ती एकदम मागितली जात नाही. पिढ्यान् पिढ्या बारीक चूक साठत गेली. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या गणिताचे ग्रह आणि आकाशातले ग्रह यांत डोळ्यांना दिसावे एवढे अंतर पडले. मग केरो लक्ष्मण छत्र्यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग काढले, पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला, आणि त्यावर आपल्या समाजात पुष्कळ वाद माजले. गंमत अशी, की गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ यांनी हे आधीच बजावून ठेवले होते. पुढे अंतर पडेल, तेव्हा जाणत्या गणकांनी त्या वेळचे आकाश पाहून गणित सुधारून घ्यावे, अशा आशयाचे त्यांचे लिहिणे आहे. आपल्या गणिताची मुदत त्यांनी आपल्याच हाताने नोंदवली होती. वाचणाऱ्यांनी ग्रंथ जपला, सूचना विसरली.

आता नदीकडे येऊ. वाहत्या पाण्याचे गणित १८७१ साली बारे द सँ-व्हनाँ या फ्रेंच अभियंत्याने दोन समीकरणांत मांडले. पहिले समीकरण हिशेबाचे आहे: जेवढे पाणी आत आले त्यातून बाहेर गेलेले वजा करता उरते ते साठते. दुसरे बलांचे आहे. उताराची ओढ, तळाचे घर्षण, पाण्याची स्वतःची गती बदलताना लागणारे बल आणि पुढच्या पाण्याची पातळी उंच असेल तर मागच्या पाण्याला होणारा अडथळा, हे सारे त्यात आहे. समीकरणे लिहायला दोन ओळी लागतात. सोडवायला मात्र नदीचे शेकडो तुकडे करावे लागतात आणि काळाचेही. तुकडे निम्मे केले की अचूकता वाढते. परंतु पूरमैदानासारख्या पसरट भागात लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि काळाचे पाऊलही निम्मे करावे लागल्याने त्यात दुप्पट, असे काम एकदम आठपट होते. म्हणूनच संगणक कितीही मोठा आणा, माणसाची हाव त्याच्या पुढेच धावते.

हवामानशास्त्राने हा धडा फार महागात शिकला. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात काम करता करता २० मे १९१० या एका दिवसाच्या हवेचे गणित हाताने सोडवले. सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल एवढेच काढायचे होते, आणि त्यासाठी त्याचे जवळजवळ दीड महिना काम चालले. उत्तर आले १४५ मिलिबार. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. तरीही त्याने १९२२ साली ते गणित अपयशासकट ग्रंथरूपाने छापले. हवा पुढे धावत असताना तिच्या बरोबरीने गणित करायचे तर ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसवावी लागतील, असा अंदाजही त्यात दिला. त्याची चूक आळसाची नव्हती, त्याने गणितात सारेच ठेवले होते. हवेत झपाट्याने पळणाऱ्या, पण पाऊसपाण्याशी फारसा संबंध नसलेल्या लहरीही त्यात राहिल्या, आणि निरीक्षणांतल्या बारीक विसंगतींनी त्या उसळल्या. १९५० साली चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक या संगणकावर पहिला यशस्वी गणिती अंदाज वर्तवला तो समीकरणांतून त्या लहरी काढून टाकून. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागत होते. पण उत्तर हवेसारखे दिसत होते. काही वेळा वजा केल्यानेच खरे हाती येते, ते असे.

हीच वजाबाकी आम्ही खडकवासल्याला डोळ्यांनी पाहिली. १९१६ साली स्थापन झालेल्या तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही गेलो होतो. धरणे, बंदरे, नद्या यांच्या सिमेंट-वाळूच्या प्रतिकृती तेथे मांडलेल्या असतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर तिच्यात काळ दहापट वेगाने धावतो. दहा तासांचा पूर एका तासात डोळ्यांसमोरून निघून जातो. सोबतच्या अधिकाऱ्याने तेव्हाच सांगितले होते, की प्रतिकृती फार लहान केली तर पाण्याचा पृष्ठताण गडबड करतो. मोठ्या नदीत जो नगण्य तो लहान नदीत राजा होतो. आम्ही ते वहीत टिपून घेतले. मनात टिपले असते तर पुढचे टळले असते.

१९९० च्या आगेमागे आमची नेमणूक नर्मदेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावी होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. गाव एका उपनदीच्या काठी. आणि ही उपनदी थोडे खाली नर्मदेला मिळते. उपनदीच्या पूररेषेलगत पंचवीस-तीस घरांची एक वस्ती होती. आमच्या कार्यालयात नुकताच पहिला संगणक आला होता. त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर हळदकुंकवाचे बोट. आम्ही तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले, इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी मिरवणारे. पुराच्या अंदाजासाठी आम्ही त्या यंत्रावर मस्किंगम पद्धत बसवली.

ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत ओहायोमधल्या मस्किंगम नदीवर काम करताना लष्करी अभियंत्यांनी घडवली. सँ-व्हनाँची सारी बले त्यांनी बाजूला सारली. नदीच्या एका टप्प्यात साठलेले पाणी हे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहांवरून साध्या प्रमाणाने ठरते असे धरले, आणि सबंध टप्प्याचा स्वभाव दोन आकड्यांत बसवला. एक आकडा पूर टप्पा पार करायला किती वेळ घेतो तो. दुसरा, वाटेत त्याचा माथा किती बसतो तो. मग पुढच्या तासाचा प्रवाह काढायला तीन गुणाकार आणि दोन बेरजा पुरतात. आमच्या यंत्रावर पूर्ण समीकरणे सोडवायची म्हटली असती तर सकाळ झाली असती. मस्किंगमने चहा निवायच्या आत उत्तर मिळे. दोन पावसाळे ही उत्तरे बरोबर आली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. आम्हांला त्या आकड्यांचा लळा लागला.

तिसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टातल्या एका संध्याकाळी, बिनतारी संदेशावर वरच्या ठाण्याची पातळी आली. पाणी बरेच होते, पण अभूतपूर्व नव्हते. आम्ही आकडे भरले. पहाटे तीनला माथा येईल आणि वस्तीतल्या सर्वांत खालच्या जोत्यापासून दोन फूट खाली राहील, असे उत्तर निघाले. आम्ही तहसीलदारांना कळवले, वस्ती हलवण्याची गरज नाही. आमचा एक शिपाई वस्तीत जाऊन तसे सांगूनही आला.

रात्री आठच्या सुमारास घाटावरचा एक म्हातारा केवट भिजत कार्यालयात आला. त्याने दारातूनच विचारले, "साहब, मैया तो खुद भरी हुई है. नदिया का पानी जाएगा कहाँ?"

आम्ही त्याला बसायला सांगितले, चहा दिला आणि म्हटले, "दादा, हिसाब लगा लिया है."

त्याने संगणकाकडे पाहिले. हात जोडले. चहा अर्धा ठेवून तो गेला.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. नर्मदेला पूर होता. तिची पातळी उंचावलेली असल्याने उपनदीचे पाणी संगमापाशी अडले आणि मागे मागे फुगत गेले. याला आम्ही मागफुगवटा म्हणतो. पुढच्या पाण्याचा मागच्या पाण्याला होणारा जो अडथळा सँ-व्हनाँच्या दुसऱ्या समीकरणात आहे, तोच मस्किंगम पद्धतीने टाकलेला असतो. तिला फक्त वरून येणारे पाणी दिसते. खालून काय अडले आहे हे पाहायला तिला डोळाच नाही. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. त्या संध्याकाळी नर्मदेची पातळी आमच्याच टेबलावरच्या दुसऱ्या कागदावर लिहिलेली होती.

पहाटे दोनला पाणी वस्तीत शिरले. माणूस एकही दगावला नाही; पण त्याचे श्रेय आम्हांला नाही. तो केवट आमच्याकडून निघाला तो थेट वस्तीत गेला होता आणि जे ऐकतील त्यांना त्याने देवळाच्या चढावर नेऊन बसवले होते. ज्यांनी साहेबाच्या निरोपावर विश्वास ठेवला, ते अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडले. धान्य गेले, शेळ्या गेल्या. एका विधवा बाईचे शिवणयंत्र गेले. संध्याकाळी तिने आमच्या शिपायाला विचारले होते, की यंत्र माळ्यावर चढवू का. एकटीने उचलवत नाही, कोणाला तरी हाक मारावी लागेल. आमच्याच शब्दावर विसंबून तो 'जरूरत नहीं' म्हणाला होता.

चार दिवसांनी ती बाई कार्यालयात आली. आम्ही नुकसानभरपाईच्या अर्जाचा कागद पुढे केला. तिने तो घेतला, घडी घातली आणि विचारले, "साहब, अगली बार पूछना हो तो किससे पूछें?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्यावर कसलीही कारवाई झाली नाही. चौकशीच्या टिपणात 'अनपेक्षित परिस्थिती' असे शब्द आले. ते शब्द आमच्याच हस्ताक्षरातल्या मसुद्यावरून घेतलेले होते. परिस्थिती अनपेक्षित नव्हती. तिची अपेक्षा एका निरक्षर म्हाताऱ्याला होती, आणि आमच्या पाठ्यपुस्तकालाही होती.

पुढे पुष्कळ दिवस आम्हांला वाटत राहिले, की लहान गणिताने आमचा घात केला. पूर्ण गणितच करायला हवे होते. पण शांतपणे पाहिले तर तेही खरे नव्हते. पूर्ण गणिताचे उत्तर सकाळी आठला आले असते, वस्तीत पाणी शिरून सहा तास झाल्यावर. उशिरा आलेले बरोबर उत्तर त्या बाईच्या काय कामाचे? घात लहान गणिताने केला नव्हता. त्यातून काय वजा केले आहे याची नोंद उत्तराच्या शेजारी नव्हती, तिथे आमचे चुकले. 'दोन फूट खाली' एवढे आम्ही कळवले. 'नर्मदेची पातळी हिशेबात धरलेली नाही' हे कळवले नाही. ते वाक्य गेले असते तर तहसीलदारांनी, निदान त्या शिपायाने तरी, नर्मदेकडे एकदा पाहिले असते.

त्या हिवाळ्यात आजोबांची पावकी आमच्या मदतीला आली. नद्या शांत, कार्यालय निवांत. पूर्ण समीकरणांवर चालणारी आज्ञावली आम्ही मिळवली. उपनदीचे पंधरा वेगवेगळे प्रवाह घेतले, नर्मदेच्या बारा वेगवेगळ्या पातळ्या घेतल्या. मिळून एकशे ऐंशी जोड्या. एकेका जोडीला यंत्र चाळीसेक मिनिटे घेई. रोज संध्याकाळी यंत्र सुरू करून द्यायचे, रात्री उशिरापर्यंत बसून पाच-सहा उत्तरे उतरवून घ्यायची. महिन्याभरापेक्षा जास्त काळ हे चालले. सौ. डबा पाठवी आणि निरोपात विचारी, की सरकार पूर हिवाळ्यातही आणू लागले काय? शेवटी एका पुठ्ठ्यावर आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता तयार झाला. आडवी नर्मदा, उभी उपनदी, आणि दोघी जिथे भेटतात त्या चौकटीत वस्तीपाशी पाणी किती चढेल तो आकडा. पुराच्या रात्री गणित करायचे कारणच उरले नाही. दोन बोटे तक्त्यावरून सरकवायची एवढेच.

तक्त्याखाली आम्ही लाल शाईने तीन ओळी लिहिल्या: मधल्या ओढ्यांचे पाणी धरलेले नाही. नदीचे पात्र गेल्या मोजणीप्रमाणे धरले आहे. तक्त्याबाहेरच्या आकड्यांना हा तक्ता लावू नये. मग तो पुठ्ठा घेऊन आम्ही घाटावर गेलो आणि त्या केवटाला दाखवला. त्याला वाचता येत नव्हते. बोट ठेवून आम्ही सांगत गेलो, 'मैया इतनी, नदिया इतनी, तो पानी यहाँ तक.' त्याने चार-पाच चौकटींना मान डोलावली. एका चौकटीपाशी म्हणाला, इतके नाही येत, त्याच्या आत पलीकडच्या काठाने पाणी शेतांत पसरते. आम्ही जाऊन पाहिले. तो काठ खरोखरच खचलेला होता आणि आमच्या मोजणीत नव्हता.

तक्त्याने पुढची काही वर्षे चांगले काम दिले. एकदा त्याने वस्ती वेळेवर हलवली. एकदा हलवली आणि पाणी आलेच नाही, तेव्हा लोकांनी आम्हांला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या शिव्यांचे आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. पुढे संगमाजवळ नवा पूल झाला, पात्र बदलले. आमची बदली झालेली होती. पण आम्ही पत्र लिहून कळवले, की तो तक्ता आता भिंतीवरून उतरवावा. उतरवला की नाही, कळले नाही. ग्रहलाघवाचा तक्ता चारशे वर्षे टिकला, आमचा बारा. त्याचे आम्हांला वैषम्य नाही.

हे सारे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीला सांगितले. ती गप्प बसून ऐकत होती. मग तिने आपले काम समजावून दिले. तीही आमच्यासारखेच करते. फक्त तिच्या एकशे ऐंशीच्या जागी हजारो उत्तरे असतात आणि पुठ्ठ्याच्या जागी कृत्रिम मज्जाजाल. हजारो पूर मोठ्या संगणकावर आधी सोडवून ठेवायचे, ते जाळ्याला दाखवायचे, आणि नवा पूर आला की जाळे पाहिलेल्यांवरून न पाहिलेल्याचा अदमास घेते. हवामानात तर या रीतीने मोठीच मजल मारली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेले ग्राफकास्ट नावाचे जाळे सबंध पृथ्वीचा दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देते. दुसरीकडे मोठे गणितही थांबलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली आणि २०२५ सालच्या मे महिन्यात देशाच्या सेवेत आलेली अंदाजप्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटींवर चालते. आधीच्या बारा किलोमीटरच्या मानाने काम किती पटींनी वाढले असेल, हे वाचक आता सांगू शकतील. मोठ्याशिवाय लहान शिकणार कोठून, आणि लहान नसेल तर मोठ्याचे उत्तर वेळेवर पोचणार कसे? दोघेही लागतात.

आम्ही तिला एकच प्रश्न विचारला. "तुझ्या जाळ्यानं कधीच पाहिला नाही असा पूर आला तर?"

"तर ते चुकतं, काका," ती म्हणाली. "आणि वाईट हे, की चुकताना ते अडखळत नाही. आकडा तितक्याच झोकात देतं. तुमच्या तक्त्याला निदान कडा होत्या. बोट बाहेर गेलं की कळायचं."

"मग कडा आखता येत नाहीत?"

"येतात. तेच काम राहिलं आहे माझं. ते सगळ्यांत कंटाळवाणं आहे, म्हणून पुढे ढकलत होते."

भाऊबीज झाली, ती निघाली. निघताना तिने संगणक उघडून आम्हांला पुन्हा तीच निळी नदी दाखवली. खाली, आकड्यांच्या रांगेखाली, तिने लाल अक्षरांत एक मोकळी चौकट आखून ठेवली होती. चौकटीच्या वर शब्द होते: 'हिशेबात न धरलेले'. आत अजून काही लिहिलेले नव्हते. ती म्हणाली, "हे भरल्याशिवाय उत्तर पाठवताच येणार नाही, असं करणार आहे."

आम्ही तिच्या हातावर ओवाळणी ठेवली आणि रेल्वे स्थानकापर्यंत पोचवून आलो. परतताना त्या बाईची आठवण झाली. तिचे शिवणयंत्र वाळवून, तेल घालून आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्तीला पाठवले होते; परत गेल्यावर ते चालले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मात्र आम्हांला झाले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आज कोणी मागितले तर आम्ही म्हणू, की बाई, आकडा सांगणाऱ्याला विचारा. पण त्याने काय वगळले आहे तेही त्यालाच विचारा. तो सांगू शकला नाही, तर यंत्र माळ्यावर चढवा. हाक मारा, उचलायला आम्ही येतो.